लूसी विल्स यांचा एच-इंडेक्स किती?

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. अमुक महाविद्यालयातल्या तमुक प्राध्यापकांचा समावेश जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत झाला, संस्थेच्या अध्यक्षांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. ही यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसाठ्यावरून काढतात. बातमीत न चुकता गाळली जाणारी गोष्ट म्हणजे त्या प्राध्यापकांनी शोधले काय. यादीचा मुळातला हेतू वाईट नाही. स्वतःच स्वतःला दिलेले दाखले वगळून आकडा किती उरतो, हेही ती वेगळे दाखवते. पण बातमी वाचणाऱ्याला एवढेच कळते की या गृहस्थांचे नाव बऱ्याच लोकांनी बऱ्याच वेळा घेतले आहे. वैद्यकात, त्यातही रक्तविकारांच्या वैद्यकात, हे नाव घेतले जाणे आणि शोधाचे मोल यांच्यात पुष्कळदा फारकत होते. ती अपघाताने होत नाही. तिची कारणे शोधता येतात, आणि तिची दोन ठळक उदाहरणे मुंबईत, परळमध्येच सापडतात.

आधी मोजणीची रीत पाहू. शास्त्रज्ञ शोधनिबंध लिहितो तेव्हा आधी कोणाच्या कामाचा आधार घेतला हे शेवटी नोंदवतो. या नोंदीला उद्धरण किंवा सायटेशन म्हणतात. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली अशा नोंदींची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. एखादी कल्पना पुढे कुठे कुठे गेली याचा माग काढायला ग्रंथपालांना आणि संशोधकांना साधन मिळावे, हा त्यामागचा उद्देश. माणसे मोजण्यासाठी तिचा सर्रास वापर पुढे सुरू झाला. २००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याच्या किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळाली असतील, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. हिशेब सुटसुटीत असल्याने तो झटकन रुजला. पण या सुटसुटीतपणाची एक अट आहे: निर्देशांक निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. आयुष्यात दोनच निबंध लिहून वैद्यकशास्त्राला वेगळे वळण लावणाऱ्याचा एच-इंडेक्स फार तर दोन.

आता लूसी विल्स यांच्याकडे वळू. जन्म १८८८, इंग्लंडमधला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून झाल्यावर त्या लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. १९२८ साली डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सांगण्यावरून त्या मुंबईत आल्या. बाळंतपणातले मृत्यू का होतात याची चौकशी तेव्हा सुरू होती आणि विल्स यांचे काम परळच्या हाफकिन संस्थेतून चालायचे. गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायका एका विशिष्ट प्रकारच्या रक्तक्षयाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान होतात, हे उलटेच काहीतरी होते. संसर्गाचा संशय घेऊन झाला, पुरावा मिळाला नाही. मग विल्स यांनी आपले लक्ष प्रयोगशाळेकडून स्वयंपाकघराकडे वळवले. तळपदे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली आणि ती १९३० साली प्रसिद्ध झाली. कोणत्या घरात भाजी, फळे, दूध किती येते, याचा रोगाशी सांधा जुळत गेला. ज्यांचे ताट सगळ्यात रिते, त्या गरीब मुसलमान बायकांमध्ये हा आजार सगळ्यात जास्त होता.

पुढचा भाग प्रयोगांचा. उंदरांवरच्या प्रयोगांत अडचण आली, कारण उवांमुळे पसरणारा एक संसर्ग त्या उंदरांमध्ये असल्याचे दिसून आले आणि त्या निष्कर्षांवर शंकेची छाया पडली. नंतर माकडांवर काम झाले. बिअर गाळताना उरणाऱ्या यीस्टपासून इंग्लंडमध्ये ‘मार्माइट’ नावाचा काळा, खारट अर्क बनतो आणि तिथे तो पावाला लावून खातात. हा अर्क दिला की माकडांचे रक्त सुधारायचे. आजारी गरोदर स्त्रियांना तो दिल्यावर त्याही सुधारल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांचा निबंध आला. तेव्हा घातक रक्तक्षय (पर्निशियस अ‍ॅनिमिया) या वेगळ्या आजारावर यकृताचा अर्क हा नवा, गाजलेला उपाय होता आणि त्या शोधाला १९३४ चे नोबेल मिळाले. विल्स यांचे वेगळेपण पुढच्या पायरीवर दिसते. यकृताचा अर्क जसजसा शुद्ध करत न्यावा, तसतसा तो घातक रक्तक्षयाला चांगला लागू पडे, पण मुंबईच्या बायकांच्या रक्तक्षयाला लागू पडेनासा होई. कच्चे यकृत आणि स्वस्त मार्माइट मात्र काम करत. म्हणजे यात दुसराच कुठला तरी घटक होता. तो काय आहे हे त्या सांगू शकल्या नाहीत, पण तो आहे आणि तो ठाऊक असलेल्या घटकाहून वेगळा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे काही वर्षे त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

१९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी पालकाच्या ढिगातून एक आम्ल वेगळे केले आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव दिले. १९४५ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत, भीमावरमहून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिमरीत्या तयार झाले. विल्स यांचा अज्ञात घटक तो हाच. पेशी दुभंगून दोन होताना डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते आणि ती करायला फॉलिक अ‍ॅसिड लागते. ते नसेल तर अस्थिमज्जेतल्या पेशी फुगत राहतात, दुभंगत नाहीत. त्यात पोटातले बाळ आईच्या साठ्यातून आपला वाटा घेत असतेच. याच ज्ञानाला उलटे वळवून बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी विचार केला, की रक्ताच्या कर्करोगातल्या बेफाम वाढणाऱ्या पेशींना फॉलिक अ‍ॅसिडपासून वंचित ठेवले तर? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडला अटकाव करणारे अमिनोप्टेरिन तयार करून दिले. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांवरच्या उपचारांची हकीकत छापली. त्यातल्या दहा मुलांना काही काळ उतार पडला होता. बालकांच्या ल्युकेमियावर औषधाने मात करता येईल याची ती पहिली खूण. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट आजही कर्करोगात आणि संधिवातात वापरतात. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांत केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर पुढच्या बाळात तो दोष येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणे सक्तीचे केले.

या सगळ्या साखळीत उद्धरणांचे काय होते पाहा. आज मेथोट्रेक्झेटच्या मात्रेवर निबंध लिहिणारा डॉक्टर १९३१ च्या निबंधाचा दाखला देत नाही आणि त्याने द्यावा अशी अपेक्षाही नाही. त्याला गेल्या पाच-दहा वर्षांतल्या चाचण्यांचे दाखले पुरतात, त्या चाचण्या आपल्याआधीच्या चाचण्यांचे दाखले देतात, आणि मूळ निबंध पायाच्या दगडासारखा जमिनीत जातो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हा क्रम नेमका टिपला होता: शोध जितका सर्वमान्य होतो, तितके त्याच्या कर्त्याचे नाव घेण्याची गरज सरते. रक्तगट लिहिताना कोणी कार्ल लँडस्टायनर यांच्या १९०१ च्या निबंधाचा संदर्भ देत नाही. तेव्हा उद्धरणे मुख्यतः चालू वादांची आणि चालू साधनांची नोंद करतात. ज्याच्यावरचा वाद मिटला, ते काम मोजणीतून हळूहळू बाहेर पडते. विल्स यांच्या नावाची तर आणखी अडचण अशी की त्यांचा घटक पुढे रसायनशास्त्रज्ञांनी दिलेल्या नावाने ओळखला गेला. आहार-पाहणीतल्या तळपदे यांचे नाव तर वैद्यकाच्या इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक असण्याचे कारणच उरले नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. विल्स यांच्या काळी सूचीच नव्हती, जुन्या माणसाला नव्या तराजूत घालून तराजूला नावे ठेवणे बरोबर नाही. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून हाफकिनपासून पायी जाता येईल अशा केईएम रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे रक्त आले, की साध्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे दिसावे आणि प्रत्यक्षात ‘ओ’ गटाच्याही रक्ताशी त्याचे जुळू नये. ए, बी आणि ओ या सर्वांच्या पेशींवर थोड्याफार प्रमाणात असणारा ‘एच’ हा पायाभूत पदार्थच त्या पेशींवर नव्हता आणि रक्तद्रवात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. लंडनच्या रूथ सँगर, आर. आर. रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह सात जणांच्या नावाने ‘लॅन्सेट’मध्ये जेमतेम दोन पानांचा निबंध आला. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात साधारण दहा हजारांत एक आणि युरोपात दहा लाखांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतू शकते. त्याला त्याच गटाचे रक्त हवे.

या दोन पानांनी दोन कामे केली. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला ‘ओ’ म्हणून चिठ्ठी लावण्याआधी रक्तद्रवाची उलट तपासणीही का पाहायची, याचे कारण त्यांनी दिले. शिवाय ए आणि बी हे गट एच या एकाच पायावर उभे राहतात, या समजुतीला त्यांनी बळ दिले, आणि मॉर्गन-वॉटकिन्स यांच्या पुढच्या जैवरासायनिक कामाला त्याचा उपयोग झाला. हा निबंध विस्मरणात गेलेला नाही. दुर्मीळ रक्तगटांवर लिहिणारे आजही त्याचा दाखला देतात. पण त्याचा खरा वापर जिथे होतो, म्हणजे सांगली, लातूर किंवा रत्नागिरीच्या रक्तपेढीत रात्री दोन वाजता जुळवणी करणाऱ्याच्या हातून, तिथे उद्धरण नावाची वस्तूच नाही. तंत्रज्ञ नमुना तपासतो, रक्त थांबवतो, रुग्ण वाचतो, आणि ‘स्कोपस’मध्ये काहीच नोंदले जात नाही. रक्तवैद्यकातल्या कितीतरी कामांचा परिणाम असाच, निबंधांच्या बाहेर घडतो. भाटिया यांचे पुढचे आयुष्य याच प्रकारच्या कामात गेले. १९५७ साली सुरू झालेले रक्तगट संदर्भ केंद्र आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून केईएमच्याच आवारात उभे आहे. संस्था उभारण्याला कुठल्याही निर्देशांकात रकाना नाही.

मग उद्धरणे भरघोस मिळतात कशाला? ‘नेचर’ या नियतकालिकाने २०१४ साली सर्वाधिक उद्धृत निबंधांची यादी केली तेव्हा पहिल्या क्रमांकावर प्रथिने मोजण्याची एक पद्धत सांगणारा १९५१ चा निबंध होता, त्याची उद्धरणे तीन लाखांवर. यादीत अशाच पद्धतींची गर्दी होती. सुब्बाराव यांच्याही बाबतीत हेच. सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी १९२५ साली लिहिलेला फॉस्फरस मोजण्याच्या पद्धतीचा निबंध हजारो वेळा उद्धृत झाला आहे, आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या लांबलचक लेखकयादीत मात्र ते अनेकांतले एक. रक्तविकारशास्त्रात आणखी एक मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्त-कर्करोगांच्या वर्गीकरणासारखे दस्तऐवज, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे आणि मोठ्या औषध कंपन्यांच्या बहुदेशीय चाचण्या यांना उद्धरणांचा पाऊस पडतो, कारण त्या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्यांचे नाव घ्यावेच लागते. अशा समितीत किंवा चाचणीत ज्याला जागा मिळाली, त्याचा आकडा झपाट्याने चढतो. ही कामे फालतू नाहीत, वर्गीकरणाशिवाय निदान एकसारखे होणार नाही. परंतु त्यातली जागा श्रीमंत देशांतल्या मोठ्या केंद्रांना सहज मिळते आणि गडचिरोलीतल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर काम करणाऱ्याला मिळत नाही, हेही तितकेच खरे. मायलोमा या रक्त-कर्करोगाच्या नव्या औषधावर लिहिणारे हजार असतील, तर आदिवासी भागातल्या सिकलसेलच्या मुलांना नियमित औषध कसे पोचवावे यावर लिहिणारे मोजके. लिहिणारेच मोजके असतील तर उद्धृत करणार कोण? आकडा इथे कामाचा दर्जा सांगत नाही, त्या विषयाभोवतीची गर्दी सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि आपल्याकडच्या अनुभवातून आलेला आहे. आकडे काढून टाकले तर उरते काय? वशिला, जात, गाववाले, विभागप्रमुखांची मर्जी. एच-इंडेक्स निदान कोणाचा पाव्हणा नसतो. ज्या तरुण डॉक्टरला मुंबई-पुण्यात ओळख नाही, त्याला आपले काम दाखवायला आकड्याशिवाय दुसरे हत्यार नाही. शिवाय ज्याला कोणीच उद्धृत करत नाही असे बहुतेक काम दुर्लक्षित हिरा नसून साधेच सुमार असते, हेही मान्य करायला हवे. विल्स आणि भेंडे अपवाद आहेत, प्रत्येक अनुद्धृत निबंधलेखकाने त्यांच्याआड लपू नये. हे सगळे पटण्यासारखे आहे. म्हणूनच मोजणी बंद करा, असे म्हणण्यात अर्थ नाही. हजारो संशोधकांचा, एखाद्या संस्थेचा वा देशाचा कल पाहायचा असेल तर उद्धरणे उपयोगी आहेत, कारण मोठ्या संख्येत व्यक्तींच्या नशिबाचे चढउतार एकमेकांना छेद देतात. पण एका माणसाची बढती ठरवताना तो आधार राहत नाही. तिथे एका माणसाचाच निर्णय असतो आणि अपवाद नेमका तोच असू शकतो.

आणि वशिल्याला आकडा रोखतो, ही समजूतही पूर्ण खरी नाही. आकड्याला महत्त्व आले की वशिला आकड्यातच शिरतो. ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखकांत घालायचे, आपापसात एकमेकांचे दाखले द्यायचे, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत निबंध टाकायचे. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या बढत्यांना ठरावीक निबंधांची अट लागल्यावर हा बाजार कसा फुलला, हे त्या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही विचारावे. परदेशातही वेगळे नाही. ‘क्लॅरिव्हेट’ ही कंपनी सर्वाधिक उद्धृत संशोधकांची यादी काढते. २०२३ साली तिने हजाराहून अधिक नावे गैरप्रकारांच्या संशयावरून वगळली. गरीब घरातल्या, ओळखी नसलेल्या तरुणाला या खेळात उलट तोटाच होतो, कारण हा खेळही ओळखींवरच चालतो.

पर्याय हवेत बांधलेला नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादक-संशोधकांनी जाहीरनामा काढला, की नियतकालिकाच्या आकड्यावरून त्यातल्या निबंधाची किंवा लेखकाची किंमत ठरवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्था अर्जदाराला निबंधांची जंत्री देण्याऐवजी आपली जास्तीत जास्त पाच योगदाने शब्दांत मांडायला सांगतात. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे मूल्यमापन करताना संशोधनाने समाजात काय बदलले याची लेखी प्रकरणे मागवतात. २०१४ साली त्यांना २० टक्के वजन होते, २०२१ साली ते २५ टक्के झाले. अशा पद्धतीत विल्स यांचा अर्ज कसा दिसला असता? पाच ओळींचा: गरोदर स्त्रियांच्या एका रक्तक्षयाचे कारण आहारात शोधले, स्वस्त उपचार दाखवला, यकृतातल्या घटकाहून वेगळा घटक असल्याचे सिद्ध केले, लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात रक्तविकार विभाग उभा केला, निवृत्तीनंतरही जमैका आणि फिजीमध्ये जाऊन पोषण आणि रक्तक्षयाचे काम केले. हे वाचायला एक मिनिट लागते. पडताळायला एखादी दुपार लागेल, आणि खरा विरोध त्या दुपारीला आहे. निवड समितीतल्या सदस्यांना निबंध वाचावे लागतील, त्यावर प्रश्न विचारावे लागतील, आणि आपण का निवडले याची कारणे लेखी द्यावी लागतील. लेखी कारण हा वशिल्यावरचा उतारा म्हणून आकड्यापेक्षा बरा, कारण त्याला आव्हान देता येते.

सामान्य वाचकाचा यात संबंध काय, असे वाटेल. एक तर घरात कोणाला रक्ताचा आजार निघाला की आजकाल डॉक्टरांचे नाव आधी मोबाइलवर शोधले जाते आणि उद्धरणांचे आकडे समोर येतात. त्या आकड्यावरून डॉक्टर अस्थिमज्जेचा नमुना नीट वाचतात का, रात्री फोन उचलतात का, खर्चाचा विचार करून औषध लिहितात का, यातले काही कळत नाही. दुसरे, हा पैसा आपला आहे. सरकारी संशोधन संस्था करांवर चालतात आणि तिथले तरुण कोणत्या प्रश्नावर आयुष्य घालवतील, हे बढतीचे नियम ठरवतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर स्त्रियांत हे प्रमाण ५२ टक्के होते. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात आज गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी १८० दिवस देतात. ती अंगणवाडीपर्यंत पोचते, पोटात पोचते का, आणि पोचूनही रक्त का वाढत नाही, याचा शोध घेणारा संशोधक मोठ्या नियतकालिकांच्या नजरेत क्वचितच भरतो. आपल्या आरोग्य विद्यापीठाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी पुढच्या मुलाखतीला उमेदवाराचा एच-इंडेक्स विचारण्याआधी त्याचे दोन निबंध वाचून यावेत. आणि दोन टक्क्यांच्या यादीची पुढची बातमी छापताना वार्ताहराने सत्कारमूर्तींना एकच प्रश्न विचारावा: सर, आपण शोधले काय?